टॉवेलाखालचा हात

अण्णामामाच्या उजव्या तर्जनीचं मधलं पेर बाकीच्या बोटांपेक्षा गुळगुळीत होतं. हळदीचा पिवळेपणा सगळ्याच हातावर होता, नखांच्या कडांत तर तो कायमचा मुरलेला. पण त्या एका पेरावरच्या रेषा जवळजवळ पुसल्या गेल्या होत्या. मी कपबशी खाली ठेवली आणि डाव्या हाताचं तेच बोट पाहिलं. तिथल्या रेषा शाबूत होत्या.

"काय बघतीस गं निरू?" मामानं विचारलं.

"हे बोट असं कशानं झालं?"

"दाबून दाबून," समोरच्या गादीवर बसलेले मामाचे व्यापारी दोस्त मगदूमकाका म्हणाले. "निम्म्या बाजारानं धरलंय ते. टॉवेलाखाली अण्णाचं बोट धरलं की गिऱ्हाईक चार पैसे जास्त सोडून जातं."

"आणि ह्याचं धरलं की घड्याळ सोडून जातं," मामा म्हणाला.

कृष्णाकाठच्या आमच्या बाजारगावात हळदीचा सौदा तेव्हा टॉवेलाखाली चालायचा. घेणारा आणि विकणारा समोरासमोर उभे राहायचे, हातांवर टॉवेल टाकायचे, आणि कोणतं बोट धरलं, किती पेरं दाबली, यावर भाव ठरायचा. भोवतालच्यांना टॉवेल हलताना दिसायचा, एवढंच. उघड लिलावाचा नियम आला होता, पण लिलाव संपल्यावर जुने लोक दुकानाच्या पायरीवर टॉवेल काढायचेच. त्याचा एक अलिखित कायदा होता. बोटांना जे कळलं, ते तोंडातून बाहेर काढायचं नाही. मोडलेल्या सौद्याचा भावसुद्धा कुणी कुणाला सांगत नसे.

मी तेव्हा कोल्हापूरच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होते. मामानं मला बोलावून घेतलं होतं ते एका कामासाठी. तो बाजाराच्या समितीचा अध्यक्ष होता. व्यापारी, माल तोलणारे तोलार, हमाल, हळद निवडणाऱ्या बायका, सगळ्यांचे प्रतिनिधी त्या समितीत होते. त्या वर्षी सरकारकडून एक प्रस्ताव आला होता. बाजारात काम करणाऱ्या प्रत्येकानं आरोग्य विमा घेतलाच पाहिजे, असा नियम करण्याचा विचार होता, आणि त्याआधी काही बाजारांचं मत मागवलं होतं. ज्या बाजाराचा होकार येईल तिथं त्याच हंगामात सुरुवात होणार होती. समितीत मतं निम्मी-निम्मी झाली होती. त्यामुळे अध्यक्षाच्या मतावर सगळं येऊन ठेपलं होतं, आणि अध्यक्ष मत देत नव्हता. एक बैठक त्यानं लग्नसराईचं कारण सांगून पुढे ढकलली होती, दुसरी आवक वाढल्याचं.

"तू शिकलेली आहेस. वाच, आणि आम्हाला समजंल असं सांग," असं तो मला म्हणाला होता. म्हणून मी वाचून आले होते.

"सक्ती," मगदूमकाका म्हणाले. "शब्द बघ नुसता. छत्री घ्या म्हणून सक्ती नाही. घरात मीठ भरा म्हणून सक्ती नाही. आणि आजारपण घ्या म्हणून सक्ती."

"आजारपण नाही काका, विमा."

"तेच ते. मी आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही. तो दादू तोलार सकाळपासून तंबाखू मळत बसतोय. त्याच्या छातीचा खर्च माझ्या खिशातून का?"

"तुमच्या गुडघ्यांचा त्याच्या खिशातून."

"माझे गुडघे माझ्या पैशानं दुखतात," काका म्हणाले.

मामा हसला. मी त्याच्याकडे वळले. "ज्याची मर्जी असेल त्यानंच विमा घ्यायचा असं ठरलं, तर कोण घेईल?"

"ज्याला गरज आहे तो."

"म्हणजे आधीच आजारी असलेला. मग खर्च वाढणार, म्हणून हप्ता वाढणार. हप्ता वाढला की त्यातल्या त्यात धडधाकट असलेले बाहेर पडणार. मग हप्ता परत वाढणार. शेवटी..."

"शेवटी ओली पोती राहणार," मामा म्हणाला.

"ओली पोती?"

"अगं, सगळ्या मालाला एकच भाव लावला तर खणखणीत वाळलेल्या हळदीचा माणूस पोतं उचलून घरी नेतो. ओल्या मालाचा तेवढा थांबतो. मग भाव आणखी उतरतो, आणखी थोडे निघून जातात. शेवटी शेडमध्ये नुसता बुरशीचा वास."

हे उदाहरण पुढे कितीतरी वर्षं मी वर्गात वापरलं. पण त्या दिवशी माझ्या मनात वेगळंच काहीतरी आलं. न कळल्यामुळे निर्णय लांबला असेल, तर कळल्यावर तो व्हायला हवा. मामाला कळलं होतं, तेही माझं वाक्य पुरं व्हायच्या आत. तरी तो म्हणाला, "बघू. पुढच्या आठवड्यात बैठक लावू." माझं कुतूहल तिथून सुरू झालं.

प्रस्तावात आणखी एक कलम होतं, तेही मी दोघांना वाचून दाखवलं. सगळा बाजार एकदम आला, तर आधीपासून असलेल्या आजारावरही उपचार मिळणार होते. मर्जीवर ठेवलं, तर जुना आजार धरला जाणार नव्हता.

"म्हणजे हौसाक्काचं..." मी म्हटलं.

मामा उठला आणि हमालाला कसलंसं पोतं सरकवायला सांगायला बाहेर गेला.

हौसाक्का समोरच्या मोठ्या शेडमध्ये हळद निवडायची. हळकुंडं एकीकडं, गड्डे दुसरीकडं. तिची नजर चांगली होती आणि जीभ त्याहून. बाजारात तिचं ज्याच्याशी भांडण झालं नाही असं माणूस शोधून सापडलं नसतं. आमच्या दुकानाशी तिचं वैर दोन हंगामांपूर्वीचं. लांबचा एक व्यापारी मामाच्या पोत्यातला माल ओंजळीत घेऊन बघत होता. ही शेडमधून पाणी प्यायला निघालेली. जाता जाता म्हणाली, "वरचं काय बघताय दादा, पोतं उलटं करा." त्यानं खरंच केलं. तळाला बारीक माल निघाला. हमालांनी चुकून भरला असं मामानं सांगितलं. व्यापारी हसला आणि निघून गेला. पुढे महिनाभर मामा दिसला की कुणीतरी म्हणायचंच, "काय अण्णा, पोतं उलटं करू का?" घरी हा विषय निघाला की मामी तोंडाला पदर लावायची, आणि मामा जेवता जेवता गप्प व्हायचा.

त्या उन्हाळ्यात हौसाक्काच्या पोटात गाठ निघाली होती. आत्ता काढली तर निघेल, पावसाळ्यापर्यंत थांबू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. शस्त्रक्रियेचा खर्च तिच्या आवाक्याबाहेरचा होता. ती कामावर येतच होती. आधी उकिडवी बसून निवडायची, आता पोत्याला टेकून बसायची, एवढाच फरक.

"तिच्यासाठी टॉवेल फिरवणार आहे उद्या," मगदूमकाका मला म्हणाले. "चल माझ्याबरोबर. तुमच्या विम्याच्या आधी आम्ही काय करत होतो ते बघ."

हा त्या बाजाराचा दुसरा टॉवेल. कुणी आजारी पडलं, कुणाचा हातपाय मोडला, की मगदूमकाका दोन्ही हातांवर मोठा टॉवेल दुमडून धरायचे आणि दुकानोदुकानी जायचे. वरची घडी थोडी उचललेली असायची. देणाऱ्यानं हात आत घालायचा आणि जे द्यायचं ते तळव्यावर सोडायचं. कुणी किती दिलं ते कुणाला दिसत नसे. मोठ्यानं मोठेपणा मिरवू नये आणि लहानानं लाजू नये, म्हणून कुणीतरी शहाण्यानं ही पद्धत पाडली असावी. मला ती फार सुंदर वाटली, आजही वाटते.

सकाळच्या सौद्यांनंतर आम्ही निघालो. काका काही मागायचे नाहीत. पायरीशी उभे राहायचे आणि फक्त नाव घ्यायचे. "हौसाक्का." माणूस खिशात हात घालायचा, मग टॉवेलाखाली. क्षणभर थांबायचा, हात बाहेर काढायचा. मी काकांच्या चेहऱ्याकडे बघत होते, कारण बघण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. चेहरा कुठंच बदलला नाही. मीही हात घातला. आत त्यांची बोटं होती, उबदार, खरखरीत. त्यांनी माझ्या हातातल्या नोटा अशा काढून घेतल्या की मला कळलंसुद्धा नाही. म्हणजे बोटांना सगळं कळत असणार, असा विचार माझ्या मनात आला.

आमच्या दुकानाशी मामा उभाच होता. "हौसाक्का," काका म्हणाले. मामानं बंडीच्या खिशात हात घातला, मग टॉवेलाखाली. इतरांइतकाच वेळ. काका पुढच्या पायरीकडं वळले.

शेवटच्या दुकानानंतर त्यांनी टॉवेलाची गाठ मारली. ती गाठ मी पाहिली. टॉवेल मोठा होता आणि गाठ अगदी लहान.

"काका," मी म्हटलं, "रिकामा हातसुद्धा आत जातो का?"

"बाजारात हे विचारायचं नसतं निरू."

"पण तुम्हाला कळत असणार."

"मला पुष्कळ काही कळतं. माझ्या बायकोला विचार, तिच्या मते काहीच कळत नाही." ते चालत राहिले. मग वडाच्या पारापाशी आल्यावर थांबले. "तुला वाटत असंल, काका जुन्या वळणाचा आहे, सरकारचं नाव काढलं की शिंकतो. तसं नाही. माझा बाप इथंच तोलार होता. मी शाळेत असताना अंगावर पोत्यांची थप्पी कोसळली त्याच्या. तेव्हा हा टॉवेल फिरला. कुणी फिरवला, कुणी किती घातलं, आजपर्यंत मला ठाऊक नाही. बाप वाचला. त्या दिवशी कुणावर सक्ती नव्हती. सक्ती असती तर मी कुणाचा ऋणी राहिलो असतो? सरकारचा? सरकारला काय तोंड आहे का, उपकार फेडायला जाऊन उभं राहायला?"

"तुमचे वडील कसे होते?"

"कसे म्हणजे?"

"म्हणजे लोकांना आवडायचे का?"

काकांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "बाजारातला सगळ्यात गोड माणूस," ते म्हणाले. "भजनाला पेटी वाजवायचा. कुणाला नाही म्हणून म्हणाला नाही कधी."

मग त्यांनीच बोलणं दुसरीकडं वळवलं.

जमलेले पैसे तपासण्यांपुरते झाले. शस्त्रक्रियेला पुरणार नव्हते. काही दिवसांनी परत फिरवू, असं काका म्हणाले. हमालांचा मुकादम म्हाळू लवटे पुटपुटला, "परत तेच हात यायचे." काकांनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं, तसा तो कामाला वळला.

दुसऱ्या दिवशी हौसाक्का हात जोडायला आली. तीही रीतच होती. ज्याच्यासाठी टॉवेल फिरला त्यानं प्रत्येक पायरीशी जाऊन हात जोडायचे. मी दुकानात प्रस्तावाचं सोप्या मराठीत टिपण करत बसले होते. ती पायरीशी उभी राहिली, एका हातानं कठडा धरून, मग कठडा सोडून दोन्ही हात जोडले.

"उपकार झालं अण्णा," ती म्हणाली.

मामा गादीवर बसला होता. तो काहीच बोलला नाही. त्यानं उशाशी ठेवलेला चष्मा डोळ्यांवर चढवला, परत काढला, आणि आतल्या खोलीत निघून गेला. मला ते उद्धटपणाचं वाटलं. मी उठून बाहेर आले आणि हौसाक्काला पायरीवर बसायला सांगितलं. पाणी दिलं.

"सगळीकडं जाऊन आलात काय?" मी विचारलं.

"सगळीकडं. कुणी दिलं, कुणी न्हाई, कळायची सोय न्हाई. म्हणून सगळ्यांस्नी हात जोडायचं."

"ज्यांनी काही दिलं नाही त्यांनाही?"

"त्यांस्नी तर पयलं." ती पाणी प्यायली. "मी वळखतो बघ त्यांस्नी. ज्यानं काय दिल्यालं नसतं, त्यो लई मायेनं बोलतो. 'असू दे हौसाक्का, असू दे, त्यात काय एवढं.' समद्या बाजारात 'असू दे, असू दे' चाललंय सकाळपासनं. कान किटलं माझं."

मला हसू आलं. तीही हसली, पण पोटावर हात दाबून.

"तुझा मामा बोलला न्हाई बघ," ती म्हणाली. तिला हळू बोलता येत नसे; शेडमध्ये यंत्राच्या आवाजात बोलून बोलून तो गळा तसाच झाला होता. "एक सबुद न्हाई. म्हंजे ह्यानं दिलं आसणार. मी त्याचं पोतं उलटं केलं, तरी दिलं. माणूस बरा हाय. माझंच तोंड वाईट."

आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं.

"हौसाक्का, तो सक्तीचा नियम झाला तर तुमच्या मजुरीतूनही कापणार," मी म्हटलं. तिचं मत मला खरोखरच हवं होतं. आतापर्यंत मी फक्त व्यापाऱ्यांची मतं ऐकली होती.

"कापत्यात की. कापत न्हाईत असं हाय काय बाजारात? तोलाई कापत्यात, चहा कापत्यात, मुकादमाचं वेगळं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पर त्यात हात जोडाय नको ना कुणाला?"

"नको."

"दवाखान्यात तोंड गोड ठेवाय लागंल का?"

"नाही. तुमचा हक्कच असेल."

"मग माझ्यासारखीला बरं हाय ते," ती म्हणाली आणि कठडा धरून उठली.

त्या संध्याकाळी मी आणि मामा घाटावर फिरायला गेलो. नदीला पाणी कमी होतं. पलीकडच्या काठावर म्हशी बसल्या होत्या. मी त्याला सरळ विचारलं.

"मामा, तुला सगळं समजलंय. मग तू कशासाठी थांबलायस? मगदूमकाकांसाठी?"

"श्रीपालला वाईट वाटंल. तो टॉवेल म्हणजे त्याचा बाप आहे."

"तेवढंच?"

"अध्यक्षपद जाईल. व्यापारी म्हणतील, अण्णा हमालांना मिळाला."

"तुला अध्यक्षपदाची एवढी ओढ कधीपासून?"

तो हसला नाही. एरवी हसला असता. पायरीवर बसून त्यानं वहाणा काढल्या आणि पाय पाण्यात सोडले.

"निरू, तुझ्या शास्त्रात माणसं मोजतात ना? आजारी किती, धडधाकट किती?"

"हो."

"आणि जो देऊ शकतो, द्यायचं मनात आणतो, आणि वेळेला देत नाही, त्याला कुठं मोजतात?"

मी विचार केला. प्रश्न मला शास्त्रातलाच वाटला आणि मी तसंच उत्तर दिलं. "मनातलं मोजता येत नाही मामा. दिलं किंवा नाही दिलं, एवढंच मोजतात."

"बरोबर आहे," तो म्हणाला. पाण्यातून पाय काढून त्यानं वहाणा चढवल्या. मग म्हणाला, "उद्या बैठक लावतो."

बैठक दुपारी बाजाराच्या कचेरीत झाली. मला टिपण वाचून दाखवायला बसवलं होतं. खिडक्यांशी हमाल उभे होते आणि दाराशी निवडणाऱ्या बायका येऊन बसल्या होत्या. त्यांत हौसाक्काही होती, भिंतीला पाठ टेकून. मी वाचलं. कुणी फारसे प्रश्न विचारले नाहीत. लोकांची मतं आधीच झाली होती.

मगदूमकाका शेवटी बोलायला उठले. आवाज चढवला नाही त्यांनी.

"विमा वाईट आहे असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "ज्याला घ्यायचा त्यानं घ्यावा, मीही घेईन. पण घेतलाच पाहिजे म्हणून माझ्या मानगुटीवर बसू नका. आज विमा, उद्या म्हणतील हेच खा आणि तेच खाऊ नका. शिवाय एकदा पैसे कापले गेले की माणूस म्हणतो, माझं देऊन झालं. मग दारात कुणी कण्हत असलं तरी तो बघत नाही. आपल्या बाजारानं आजवर कुणाला वाऱ्यावर सोडलेलं नाही. ते कुणी सांगितलं म्हणून नाही केलं आपण."

"हौसाक्काचं काय मग?" खिडकीतून म्हाळू लवटे म्हणाला.

"कमी पडलं. परत फिरवीन मी."

"परत फिरवलास तरी तेवढंच होईल श्रीपाल," मामा म्हणाला.

टॉवेलाविषयी असं कुणी बोलत नसे.

"तुला काय ठाऊक?" काकांनी विचारलं.

"बाकीच्यांचं ठाऊक नाही. माझं ठाऊक आहे."

"अण्णा." काका दोन पावलं टेबलाजवळ आले. "टॉवेलाखालचं बोलायचं नसतं."

"दुसऱ्याचं बोलायचं नसतं. मी माझं बोलतोय." मामानं दोन्ही तळवे टेबलावर ठेवले होते. तो दाराकडं बघत नव्हता. "माझा हात रिकामा होता. पैसे खिशात होते. आदल्या दिवशीच काढून ठेवले होते, वेगळे. हात खिशात घातला, नोटा हाताला लागल्या, आणि मला ते पोतं आठवलं. दोन वर्षं झाली त्याला. माल बारीक होता, ती खोटं बोलली नव्हती. तरी आठवलं. मूठ मिटून टॉवेलाखाली घातली, मिटूनच बाहेर काढली. तुला कळलं श्रीपाल. तू काही बोलला नाहीस, पुढच्या पायरीला गेलास."

माझ्या डोळ्यांसमोर काकांचा तो न बदलणारा चेहरा आला, प्रत्येक पायरीपाशी तसाच असलेला.

"आणि काल ती येऊन मला हात जोडून गेली," मामा म्हणाला.

दाराशी बसलेल्या बायकांत कुणीतरी हललं. मी वळून पाहिलं नाही. पाहायची हिंमत झाली नाही.

"बरं, झालं असेल," काका हळू म्हणाले. "एका माणसाचा एक हात. त्यासाठी सगळ्या बाजारावर सक्ती करणार?"

"एकच होता का?"

काका टेबलावरच्या पाण्याच्या तांब्याकडं बघत राहिले.

"नको सांगू," मामा म्हणाला. "तुला सांगता येणार नाही, आणि मी विचारायला नको होतं. पण मी कंजूष म्हणून ओळखला जात नाही ना इथं? तो म्हादू हमाल पडला तेव्हा मी हात आखडला नव्हता. तुझी बहीण आजारी होती तेव्हा नव्हता. तुझ्या बापासाठी माझ्या बापानं नसेल आखडला. कारण ती सगळी आपल्याला आवडणारी माणसं होती रे. माझ्या मर्जीवर सोडलं की मी मर्जीतल्यालाच देतो. आणि मग स्वतःला दानशूर समजतो. दोन दिवस झाले, मी ह्यावर विचार करतोय, ह्यातनं सुटायची दुसरी वाट मला दिसत नाही."

"मग माझा टॉवेल काय करू मी?" काकांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत असावेत.

"फिरव. ज्याला विमा पुरणार नाही त्याच्यासाठी फिरव. मी हात घालीन. पण कुणाचा जीव त्याच्यावर टांगून ठेवायचा नाही."

समितीचे चिटणीस पेन घेऊन बसले होते. त्यांनी घसा साफ केला. "अध्यक्ष, मत द्यायचं ना? की पुढच्या बैठकीला?"

मामा उभा राहिला. आता त्यानं दाराकडं पाहिलं, आणि पाहतच राहिला.

"आज देतो," तो म्हणाला. "सगळ्यांनी घ्यायचा. व्यापाऱ्यानं, तोलारानं, हमालानं, निवडणाऱ्या बायकांनी. मर्जी आहे का म्हणून कुणाला विचारायचं नाही, मलाही नाही. अध्यक्षाचं मत सक्तीच्या बाजूनं. लिहा."